अधिक भाद्रपद

“यात धोंड्याचा महिना कुठंय?” करडेकाकांनी विचारलं.

ते माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात चहाचा पेला, आणि नजर माझ्या स्क्रीनवर. मी एप्रिलपासून मार्चपर्यंत बारा महिने एकाखाली एक लावले होते. त्यांच्या वर चार तिमाह्या, आणि सगळ्यांच्या वर वर्ष.

“अधिक महिना म्हणताय का काका? हे इंग्रजी महिने आहेत. बाराच असतात.”

“ते माहीत आहे मला, मॅडम. पण यंदा ऑगस्टात अधिक भाद्रपद लागतोय. आपला माल काय इंग्रजी महिने बघून उठतो?”

ही २०१२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होते, आणि कंपनीने मला तीन महिन्यांसाठी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात पाठवलं होतं. तिथे तांब्यापितळेची पूजेची भांडी तयार व्हायची. ताम्हणं, निरांजनं, समया, कलश. कुठला माल कुठल्या गावी किती लागेल याचा अंदाज गेली तीस वर्षं एकटे यशवंत करडे बांधत आले होते. सगळा कारखाना त्यांना काका म्हणायचा. ते नोव्हेंबरात निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांच्या डोक्यात जे आहे ते कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, असं मालकांच्या मुलाने, परागशेठने ठरवलं होतं.

मी जे सॉफ्टवेअर बसवत होते त्याचं काम सांगायला फार अवघड नाही. साध्या तक्त्याला दोनच बाजू असतात, आडवी आणि उभी. याला हव्या तितक्या बाजू लावता येत. माल ही एक, गावं ही दुसरी, काळ ही तिसरी. प्रत्येक बाजूला नावांची उतरंड. सगळ्यात वर महाराष्ट्र, त्याच्या पोटात जिल्हे, जिल्ह्यांच्या पोटात दुकानदार. उतरंडीतल्या प्रत्येक नावाला आम्ही एलिमेंट म्हणायचो. नवा एलिमेंट घालताना सॉफ्टवेअर आधी विचारायचं, हा कुणाचं लेकरू म्हणून घालू? ते एकदा नीट सांगितलं की खालचा आकडा आपोआप वरच्यात मिळत जायचा. उतरंड हा शब्दही काकांचाच. मी हायरार्की म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “म्हणजे उतरंडच ना? मग तसं म्हणा की.”

धोंड्याच्या महिन्याचं मी परागशेठच्या कानावर घातलं. तो माझ्याच वयाचा, सगळ्याची घाई असलेला.

“वीस जुलैला बाबांना दाखवायचंय,” तो म्हणाला. “दर तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या महिन्यासाठी कशाला डोकं शिणवता? काकांचं सोडून द्या.”

काका तिथेच उभे होते. दुपारी मात्र एक लांबट वही घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि एका पानावर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी अधिक वैशाख आला होता. एरवी महिन्याला दोन हजार ताम्हणं जायची, त्या महिन्यात साडेनऊ हजार गेली होती.

“तुमचं मशीन यावरनं काय समजेल?”

“की वैशाखात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये खूप ताम्हणं लागतात.”

“आणि यंदाच्या ऑगस्टात?”

“नेहमीसारखीच मागेल. दोन हजार.”

“मग बायका दुकानातनं रिकाम्या हातांनी परत जातील,” काका म्हणाले. “जावयाला वाण द्यायचं असतं हो. खाली तांब्याचं ताम्हण, त्यात तेहतीस अनारसे, वर दिवा. ते काय पुढच्या महिन्यात देऊन चालतं?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अडचण अशी होती की अधिक भाद्रपद अठरा ऑगस्टला सुरू होऊन सोळा सप्टेंबरला संपत होता. अर्धा या महिन्यात, अर्धा त्या महिन्यात. त्याला कुठल्याच एका महिन्याच्या पोटी घालता येईना. मी दोन दिवस विचार केला आणि काकांना सांगितलं, महिन्यांच्या खाली आणखी एक पायरी उतरावं लागेल. एकेक दिवस एलिमेंट म्हणून घालायचा. मग तेच दिवस उचलून मराठी महिन्यांतही लावता येतील. फक्त गेल्या दहा-बारा वर्षांत कुठला मराठी महिना कुठल्या तारखेला लागला, ते लागेल.

“पंचांगं आहेत घरी. एकही टाकलेलं नाही,” काका म्हणाले. “रविवारी या. जेवायलाच या.”

काकांचं घर इंदिरानगरात, एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि रस्त्याकडे उघडणारी लांबोळकी गॅलरी. दार माईंनी उघडलं. माई म्हणजे काकांची बायको. बुटक्या, गोऱ्या, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावून बोलणाऱ्या.

“डबा खातेस ना कुठला तरी?” हे त्यांचं पहिलं वाक्य. “चेहऱ्यावरनं कळतं गं. बस.”

मी खरोखरच डबा खात होते. नाशिकला नव्हे फक्त, गेली सात वर्षं. वडील मी बारावीत असताना गेले. परभणीचं घर विकलं, आई भावाकडे राहायला गेली. तिथे मी दिवाळीला जायचे तेव्हा माझी बॅग हॉलमध्ये सोफ्याच्या मागे ठेवत. कुणी वाईट वागत नव्हतं. जागाच नव्हती.

त्या रविवारी मी काकांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. काका पंचांगातून तारखा वाचत होते, मी भरत होते. स्वयंपाकघरातून मेतकुटाचा वास येत होता. मधेच माई येऊन काकांना म्हणाल्या, “निशिकांतरावांना आत्ताच फोन करून ठेवा. आयत्या वेळी त्यांना सुट्टी नाही मिळायची.”

“अजून दोन महिने आहेत.”

“तरी करा. ओवीची शाळा असते.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी खुलासा केला, “जावई आमचे. सिन्नरला आयटीआयमध्ये शिकवतात. ओवी म्हणजे नात. यंदा धोंड्याला येणार आहेत.”

मला ते ऐकून छान वाटलं. मी पुन्हा तारखा भरू लागले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. मधल्या आठवड्यात मी मराठी महिने उतरंडीत घातले होते आणि मोठ्या ऐटीत काकांना दाखवत होते. त्यांनी चष्मा खाली ओढला, वही उघडली, आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

“विभावरी,” ते म्हणाले. मॅडमची विभावरी त्या दिवशी झाली. “गेल्या वर्षाची ताम्हणं बरोबर दुप्पट दिसतायत गं तुझ्यात.”

मी पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. मी एप्रिल, मे, जूनही त्याच वर्षाच्या पोटी ठेवले होते आणि चैत्र, वैशाख, ज्येष्ठही. प्रत्येक दिवस दोनदा मोजला जात होता. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. काका मात्र मजेत होते.

“होतं असं. मीही एकदा मालेगावची ताम्हणं धुळ्यात धरली होती. थोरले शेठ आठवडाभर बोलत नव्हते माझ्याशी. आता काय करायचं ते सांग.”

मी त्यांच्यासमोरच मराठी महिने तिथून काढले, त्यांच्यासाठी स्वतंत्र मराठी वर्ष तयार केलं आणि सगळे महिने त्याच्या खाली नेले. दिवस तेच, पण वर जायला दोन वेगळ्या वाटा. बेरीज जुळली.

“आता अधिक महिना घाला,” मी म्हटलं. “तुम्हीच घाला.”

काकांनी हात पँटला पुसले. मी दाखवलं तसं मराठी वर्षावर नेऊन त्यांनी बटण दाबलं. चौकट उघडली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी टाइप केलं: अधिक भाद्रपद. मग एकेक करून मागचे सगळे त्या त्या वर्षाखाली घातले. दहाचा अधिक वैशाख. सातचा अधिक ज्येष्ठ. चारचा अधिक श्रावण.

“सात साली तर कॉम्प्युटर नव्हता ना कारखान्यात?” मी म्हटलं. “त्याचे आकडे नाहीत माझ्याकडे.”

“माझ्याकडे आहेत. अधिक ज्येष्ठ चांगला गेला होता. आमच्या घरचाही…” ते थांबले.

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्या आत गेल्या, आणि काका वहीची पानं उलटू लागले.

तिसऱ्या रविवारी काका कुणाच्या तरी बारशाला गेले होते. मी गेले तेव्हा माई एकट्याच होत्या. अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले होते, त्यांचं तिसरं पाणी बदलायचं होतं.

“एवढ्या आधीपासून?” मी विचारलं.

“पीठ मुरू दिलं तर चांगलं होतं. आणि मला सवय राहिलेली नाही. मधल्या धोंड्याला केलेच नव्हते.”

मी पाणी ओतायला पातेलं धरलं. माई तांदळात हात घालून तशाच बसून राहिल्या.

“तुला ह्यांनी सांगितलं नसेल,” त्या म्हणाल्या. “वृंदा आमची. चार वर्षं होतील ऑक्टोबरात. डेंग्यू झाला. सहा दिवस. ओवी आठ महिन्यांची होती.”

मी आत्तापर्यंत त्या घरात दोन वेळा जेवले होते. दर वेळी जावई आणि नात यांचीच नावं निघत होती, मुलीचं नाव एकदाही निघालं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“सात साली दोघं आली होती धोंड्याला,” माई सांगत होत्या. “लग्नानंतरचा पहिला धोंडा. ह्यांनी कारखान्यातनं निवडून ताम्हण आणलं होतं. मग दहा साली आला पुन्हा. मला नाही जमलं. जावयाला वाण देतात ते लेकीच्या सुखासाठी. लेक नाही तर वाण कशाचं? आम्ही बोलावलंच नाही त्यांना. तर एक दिवस आपणहून आले. दोन वर्षांची ओवी कडेवर. त्या तिथे बसले. पाणी प्यायले. तासभर काही बोलले नाहीत, मग येतो म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या हातावर साखरसुद्धा ठेवली नाही.”

त्यांनी हात पाण्यातून काढला, पदराला पुसला.

“यंदा काही झालं तरी करायचं.”

मी तांदूळ धुतले, पुन्हा पाणी घातलं. मग त्यांनी मला पुरण वाटायला दिलं. निघताना माझ्या हातात आमटीचा डबा दिला आणि म्हणाल्या, “रिकामा आणलास तरी चालेल. पण आण.”

त्यानंतर रविवारी जायला काही कारण लागेनासं झालं. पंचांगं संपली होती. तरी मी जायचे. भाजी निवडायचे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. एकदा काकांच्या शर्टाचं बटण लावलं. माई मला हाक मारताना आधी नुसतं ‘व’ म्हणायच्या आणि क्षणभर अडखळायच्या. वृंदा आणि विभावरी, सुरुवात जवळपास सारखीच. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्या अडखळण्याची वाट बघायचे.

वीस जुलैला थोरल्या शेठना सगळं दाखवलं. ते ऐंशीच्या घरातले, कॉम्प्युटरकडे बघून न बघितल्यासारखं करणारे. मी मराठी वर्षाची उतरंड उघडली आणि अधिक भाद्रपदावर आले. गेल्या तीन अधिक महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी उभे राहिले, आणि खाली यंदाचा अंदाज आला. अकरा हजार ताम्हणं.

थोरले शेठ पुढे वाकले. “हे कुणी घातलं?”

“करडेकाकांनी,” मी म्हटलं.

“पराग,” ते मुलाला म्हणाले, “आज एकवीस कामगार समयांवर आहेत ना? त्यातले बारा ताम्हणांना लाव.”

काका खिडकीजवळ उभे होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

चारएक दिवसांनी दुपारच्या चहाला काकांनी मला बाहेर बोलावलं. पॉलिश विभागाच्या मागे एक ओटा होता, तिथे आम्ही बसलो. आतून यंत्राची घरघर येत होती.

“एक विचारतो,” ते म्हणाले. “राग आला तर येऊ दे, पण पूर्ण ऐकून घे. आमचे निशिकांतराव चौतिसाचे आहेत. माणूस सरळ आहे. चार वर्षांत दुसऱ्या लग्नाचं नाव काढलेलं नाही. कधी ना कधी करावं लागेलच, मुलगी लहान आहे. ते स्थळ तू बघावंस, असं आमच्या दोघांच्या मनात आहे.”

माझ्या हातातला चहा निवत गेला.

“म्हणून मला घरी बोलवत होतात?”

“नाही,” काका म्हणाले. ते माझ्याकडे बघून बोलत होते. “पहिल्या रविवारी पंचांगासाठीच. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी मी बारशाहून आलो तर तू निघून गेली होतीस आणि माई म्हणाली, ही गेली की घर ओकंबोकं वाटतं. त्या दिवसापासून. खोटं कशाला सांगू?”

मी पेला ओट्यावर ठेवला.

“दोन सप्टेंबरला ते दोघं येतायत. तू पण जेवायला ये. पाहुणी म्हणून. नंतर काय ते सांग. नाही म्हणालीस तरी आमटीचा डबा बंद होणार नाही.”

अधिक महिना सुरू झाला. ताम्हणं खोक्यांत भरून जाऊ लागली. नगर, जळगाव, धुळे, संभाजीनगर. महिना निम्मा सरला तोवर आठ हजार गेली होती, आणि माल संपला म्हणून एकाही दुकानदाराचा फोन आला नव्हता. परागशेठ दिवसातून दोनदा येऊन अधिक भाद्रपदाचा आकडा बघून जायचा.

दोन सप्टेंबरला मी माझ्याजवळ असलेली एकुलती एक चांगली साडी नेसले आणि इंदिरानगरला गेले.

निशिकांत आधीच आले होते. उंच, थोडे पोक काढून चालणारे, हातांवर यंत्राच्या तेलाचे न निघणारे डाग. ओवी त्यांच्या गुडघ्यामागे लपून माझ्याकडे बघत होती. माईंनी जमिनीवर दोन पाट मांडले होते, एकाशेजारी एक, दोन्हींभोवती रांगोळी. निशिकांत एका पाटावर बसले. दुसऱ्याकडे कुणी बघेना. काका पाण्याचे पेले सरळ करू लागले. माईंच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली. मी धोंड्यांचं ताट घेऊन उभी होते.

तेवढ्यात ओवी आली आणि त्या पाटावर मांडी घालून बसली.

“मला पण वाढ,” ती माईंना म्हणाली.

जेवणं झाली. माईंनी निशिकांतना ओवाळलं, वाण हातात दिलं. ते वाकून दोघांच्या पाया पडले तेव्हा माईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही. मग डोळे टिपत, अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, “गॅलरीत जरा वारा आहे. तुम्ही दोघं बसा तिथे. मी ओवीला निजवते.”

गॅलरीत दोन खुर्च्या आधीपासूनच ठेवलेल्या होत्या. खाली रस्त्यावर एक माणूस स्कूटर धूत होता.

“आपल्याला इथे का पाठवलंय ते तुम्हाला माहीत असेल,” निशिकांत म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग मला आधी बोलू द्या. नंतर जमणार नाही.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “ओवीच्या शाळेत एक शिक्षिका आहेत. ज्योत्स्ना. आम्ही दिवाळीनंतर लग्न करायचं ठरवलंय. चार महिने झाले ठरून. दर वेळी या दोघांना सांगायचं म्हणून येतो, आणि माई ताट वाढतात. मग तोंड उघडत नाही.”

मी स्कूटरवाल्याकडे बघत होते. तो आता आरसा पुसत होता.

“मी सांगितलं की वृंदा त्यांच्यासाठी पुन्हा एकदा जाईल,” ते म्हणाले. “आणि त्यांना वाटेल ओवी पण गेली. तसं होणार नाही, पण वाटेल. तुम्ही यांच्यात इतके दिवस आहात. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“सांगा त्यांना,” मी म्हटलं. “आज नको. आजचा दिवस त्यांचा आहे. पण हा महिना संपायच्या आत सांगा. आणि लग्न झालं की ज्योत्स्नाताईंना पहिल्यांदा इथे आणा. नुसतं पाया पडून परत नेऊ नका. दोन दिवस ठेवा. माईंबरोबर स्वयंपाकघरात काम करू द्या. त्यांना हाताशी कुणीतरी लागतं.”

“आणि तुमचं? ते तुम्हाला विचारतील.”

“मी उद्याच नाही म्हणून सांगते. माझ्याकडून नकार गेला की तुम्हाला बोलायला जागा होईल.”

“त्यांच्या मनात तुमच्याबद्दल वाईट येईल.”

“मी पंधरा दिवसांत पुण्याला जाणार आहे,” मी म्हटलं.

आत माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओवी त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी चपला घालताना त्यांनी नजरेने विचारलं. मी “येते माई” एवढंच म्हटलं.

सोमवारी सकाळी काका माझ्या आधी येऊन बसले होते. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“काका, माझं नाही जमणार.”

त्यांनी वही मिटली. “मुलगी आहे म्हणून?”

“नाही.”

“मग बिजवर म्हणून?”

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि मी घेऊ दिला.

“बरं,” ते म्हणाले. “तुमचंही बरोबर आहे, मॅडम.”

उरलेल्या पंधरा दिवसांत ते माझ्याशी कामाचं सगळं बोलले, अगदी नीट बोलले. रविवारी मी इंदिरानगरला गेले नाही. आमटीचा डबा माझ्याकडे होता, तो धुऊन कारखान्याच्या शिपायाबरोबर पाठवून दिला. सतरा सप्टेंबरला परागशेठने मला समई भेट दिली आणि मी पुण्याच्या गाडीत बसले.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. दोन सप्टेंबरला मी हो म्हणायचं ठरवून गेले होते. आठवडाभर आधी आईला फोन केला होता. ती आधी म्हणाली, “बिजवर?” मग म्हणाली, “त्या पोरीला आपली म्हणशील का?” मी म्हटलं होतं, म्हणेन. माणूस कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. गॅलरीत बसून त्यांनी ते सगळं एका दमात सांगितलं, तेव्हा कळलं की माणूसही चांगला आहे. पण त्याच्या आधीपासून मला ते घर हवं होतं. त्या स्वयंपाकघरात मला उठून जायचं नव्हतं. माईंनी माझं नाव घेताना अडखळावं आणि हळूहळू एक दिवस अडखळणं बंद व्हावं, असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी ऑफिसात फोन आला. नंबर नाशिकचा होता.

“करडे बोलतोय,” काका म्हणाले. “आता घरीच असतो. सुटलो एकदाचा.”

“कसे आहात काका? माई?”

“बरी आहे. निशिकांतरावांचं लग्न झालं गेल्या आठवड्यात. दोघं इथेच आले पहिल्यांदा. तीन दिवस राहिले. मुलगी चांगली आहे. बोलते कमी, पण कामाला उरक आहे. माई आधी आतल्या खोलीतनं बाहेर येईना. मग दुसऱ्या दिवशी दोघी मिळून मटार सोलत बसल्या होत्या.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

“हो. बरं झालं.”

त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“निशिकांतरावांनी मला सांगितलं,” ते म्हणाले. “त्या दिवशी गॅलरीत काय बोलणं झालं ते. तू त्यांना काय सांगितलंस ते. मी तुला ओट्यावर एक विचारलं होतं, आता आणखी एक विचारतो.”

“विचारा ना.”

“तुला हो म्हणायचं होतं का गं, विभावरी?”

माझ्या समोरच्या टेबलावर दोघंजण कसल्याशा कागदावरून हुज्जत घालत होते. मी खुर्ची खिडकीकडे वळवली.

“नाही, काका,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले.

पण त्यांनी फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मीही ठेवला नाही.